पाया खणण्याआधी शेजारच्या ओट्यावर जाऊन बसा

आमचं जुनं घर साताऱ्यातल्या एका पेठेत. एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, दुसऱ्या बाजूला जेमतेम दीड हाताची सांदी. ते पाडून नवं बांधायला चौदा महिने लागले. कामाला हात घालण्याआधी मी सिमेंटचे भाव काढले, तीन ठेकेदारांकडून कोटेशन घेतली, मुहूर्तही पाहिला. शेजारी मात्र राहूनच गेले. पाडकामाच्या आदल्या दिवशी सामाईक भिंतीपलीकडच्या काकू दारात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "घर पाडताय हे आम्हाला दूधवाल्याकडून कळलं."

त्या एका वाक्याची भरपाई करायला मला दोन महिने लागले. पालिकेत अर्ज गेला, पाहणीला माणूस आला, आठ दिवस काम थांबलं. अर्जात खोटं असं काही नव्हतं, त्यामुळे चिडायलाही जागा नव्हती.

पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. त्यातही पेठेत, गावठाणात किंवा दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर बांधणाऱ्यांसाठी. शेतात फार्महाऊस बांधणाऱ्याला यातलं निम्मं लागणार नाही, आणि फ्लॅटची तोडफोड हे निराळंच प्रकरण आहे.

पहिलं काम मोजणीचं

धूळ, आवाज, रस्त्यावरची खडी हे सगळं काम संपलं की संपतं. चार बोटं जागेचं भांडण नातवंडांपर्यंत जातं. म्हणून आर्किटेक्टकडे नकाशा काढायला जाण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या. शहरात असाल तर सिटी सर्व्हेकडून मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढून आणा.

मोजणीची नोटीस लगतधारकांना, म्हणजे हद्दीला लागून असलेल्या जागांच्या मालकांना, जाते. ती पोचायच्या आधी तुम्ही पोचा. सरकारी कागद अचानक हातात पडला की माणूस आधी घाबरतो, मग चिडतो आणि तिसऱ्या दिवशी वकिलाकडे जातो. आधी जाऊन सांगा की मोजणी मागवली आहे, अमुक तारखेला येतील, तुम्हीही उभे राहा. खुणा त्यांच्या डोळ्यांदेखत पाडून घ्या आणि नंतर जो नकाशा मिळतो, ज्याला 'क' प्रत म्हणतात, त्याची झेरॉक्स त्यांना न मागता द्या.

जुन्या घरांत कागद आणि भिंत जुळत नाहीत, ही नेहमीची गोष्ट. आमची मागच्या बाजूची थोडी जागा शेजाऱ्यांच्या ताब्यात निघाली. ती मागायची की सोडायची हे आम्ही रात्री घरात बसून ठरवलं, मोजणी करणाऱ्यासमोर तोंड उघडलं नाही. सोडली. तुम्ही सोडावी असं म्हणत नाही. निर्णय मोजणीच्या जागी उभ्याउभ्या घेऊ नका, एवढंच.

भिंत सामाईक असेल तर ती दोघांची. एकट्याने पाडता येत नाही, तिच्यावर एकट्याने मजलाही चढवता येत नाही. आमच्या इंजिनिअरने सरळ सल्ला दिला: तिला हातच लावू नका, आपल्या हद्दीत आतून स्वतंत्र कॉलम घ्या. काही इंच जागा गेली, पण डोक्याची कटकट गेली. भिंत पाडणं टाळता येणारच नसेल तर स्टॅम्प पेपरवर लेखी संमती घ्या. त्यात भिंत कोण, कशी आणि किती दिवसांत परत उभी करणार हे लिहा.

भेटायला जाताना

दोन्ही बाजू, मागची बाजू आणि समोरचं घर, एवढ्यांकडे स्वतः जा. फोन नको, व्हॉट्सॲप तर नकोच. मंजूर नकाशाची प्रत बरोबर न्या आणि कोणत्या बाजूला काय येणार ते दाखवा. खिडक्या कुठे, जिना कुठे, किती मजले. लोकांना आवाजापेक्षा हेच जास्त जाणून घ्यायचं असतं.

नंबर स्वतःचा द्या. ठेकेदाराचा देऊ नका. बरेच जण उलटं करतात आणि तिथेच बिनसतं. शेजारी मुकादमाला विचारतो, मुकादम म्हणतो मालकाला विचारा, मालक फोनवर म्हणतो ठेकेदाराला सांगतो. तिसऱ्या फेरीला शेजाऱ्याच्या आवाजाची पट्टी चढलेली असते. ठेकेदार चौदा महिन्यांनी जाणार, पुढची चाळीस वर्षं तिथे राहायचंय तुम्हाला.

सांगून झालं की विचारा. घरात कोणी आजारी आहे का, तान्हं बाळ आहे का, कोणी रात्रपाळी करून दिवसा झोपतं का, लग्नकार्य ठरलंय का, वडिलांचं श्राद्ध कधी असतं. मी हे वहीत लिहून घेतलं (दुसऱ्या वेळी, पहिली संधी घालवल्यावर). मागच्या घरातले आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांची खोली आमच्या सांदीकडे होती, म्हणून मिक्सर आणि फरशी कापायचं मशीन पूर्ण कामभर रस्त्याच्या बाजूला ठेवलं. दहावी-बारावीचं पोर असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रेकरचं, म्हणजे दगड-काँक्रीट फोडायच्या मशीनचं, काम काढूच नका.

एक चूक टाळा. "दिवाळीपर्यंत होऊन जाईल" असं मी सगळ्यांना सांगून बसलो. ती दिवाळी गेली, आणि पुढे जो भेटेल तो "कुठली दिवाळी म्हणाला होतात?" विचारायचा. तारखेऐवजी टप्पे सांगा: पाडकाम इतके दिवस, मग पाया, त्यात फोडाफोडी, मग स्लॅब, शेवटी फरशी आणि त्याचा आवाज.

त्यांच्या भिंतींचे फोटो

काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यांच्या घरात जाऊन, त्यांच्यासमोर, भिंती, छत, फरशी, मोरी आणि पाण्याची टाकी यांचे फोटो काढा. विशेषतः तुमच्या बाजूच्या भिंतीचे. ते त्याच दिवशी त्यांना पाठवून द्या, म्हणजे तारीख दोघांच्याही फोनमध्ये राहते.

आधीपासून तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. शिवाय काचेची पट्टी लावा. काचवाल्याकडून बोटभर रुंद, वीतभर लांब पातळ पट्ट्या कापून घ्यायच्या, तड्यावर आडव्या ठेवायच्या आणि दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला पक्की करायची. तडा हलला तर काच तडकते. आम्ही काकूंच्या माजघरात अशा तीन पट्ट्या लावल्या. पहिले पंधरा दिवस त्या रोज सकाळी चष्मा लावून बघायच्या. पाया भरून झाला तरी तिन्ही शाबूत होत्या, आणि त्यानंतर तड्याचा विषय त्यांनीच बंद केला. एक फुटली असती तर मला खिशात हात घालावा लागला असता, तेही तितकंच योग्य.

पाडकाम

सामाईक किंवा लगतच्या भिंतीजवळचा भाग हाताने पाडा. मधला भाग मोकळा झाला की जेसीबी आणा, आधी नको. धूळ बसायला सतत पाणी मारा. त्यासाठी एक बिगारी वेगळा ठेवावा लागतो, ठेवा.

जुन्या घराच्या तुळया शेजारच्या भिंतीत घुसलेल्या असतात. तुळई निघाली की खोबणी उघडी पडते. पलीकडची भिंत पांढऱ्या मातीची असेल तर पहिल्या पावसात पाणी त्या खोबणीतून थेट आत. म्हणून तुळई काढली त्याच आठवड्यात खोबणी विटा-सिमेंटने बुजवा. इतकी वर्षं तुमच्या घराच्या आडोशाला असलेली त्यांची भिंत आता उघडी पडली आहे हेही ध्यानात घ्या. तिच्यावर जाड प्लास्टिक बांधा, वरच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका. हा खर्च तुमचा.

आणि उंदीर. यावर कुणीच बोलत नाही. जुनं घर पाडलं की त्यातले उंदीर-घुशी काही गाव सोडून जात नाहीत, शेजारी राहायला जातात. आठवडाभर आधी शेजाऱ्यांना मोरीच्या जाळ्या, दाराखालच्या फटी बंद करायला सांगा. आमच्या गल्लीत त्या महिन्यात सगळ्यात जास्त विक्री पिंजऱ्यांची झाली असावी.

राडारोडा उचलणारा ट्रॅक्टर आधी ठरवा, मग घण घाला. कचरा रस्त्यात किंवा गटारात जाता कामा नये, हे बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापनाच्या नियमांत आहे. त्याहून जवळचं कारण म्हणजे तुंबलेलं गटार शेजाऱ्याच्या दारात उफाळतं.

पाया: इथे घाई नको

जुन्या घरांचे पाये दगडाचे आणि बरेचदा उथळ असतात. तुमच्या कॉलमचे खड्डे त्यापेक्षा खोल जातात. शेजाऱ्याच्या पायालगत त्याहून खोल चर एका दमात मारला तर त्याच्या पायाखालची माती तुमच्या खड्ड्यात उतरते. भिंत खाली बसते किंवा फुगते. हे झालं तर पेढे आणि गोड बोलणं कामाला येत नाही.

इंजिनिअरला तीन प्रश्न विचारा. शेजारचा पाया किती खोल आहे हे एक छोटा खड्डा घेऊन पाहिलंय का? हद्दीजवळचं फुटिंग, म्हणजे कॉलमच्या तळाचा रुंद पाया, आत सरकवता येईल का? खड्डे आलटूनपालटून घेणार ना, म्हणजे एक खणून, काँक्रीट भरून, मग पुढचा? या प्रश्नांना "काही होत नाही हो" असं उत्तर मिळालं तर दुसरा इंजिनिअर बघा. शेजारच्या जमिनीला तुमच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार असतो तो त्याचा हक्क आहे, 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात तसं म्हटलंय. पावसाळा तोंडावर असताना हद्दीलगत खड्डे उघडे ठेवणं म्हणजे संकटाला आवतण. दिवाळीनंतर पाया आणि पावसाच्या आत निदान जोतं, हा जुन्या लोकांचा हिशेब अजून चालतो.

अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या आमच्या पेठेत चार फुटांवर काळा दगड लागला. ब्रेकर तीन दिवस चालला. रोज सकाळी दहा ते एक आणि तीन ते पाच, असं आधीच सांगून ठेवलं होतं. वेळ ठरलेली असली की लोक निभावून नेतात. समोरच्या वहिनी त्या वेळात बाळाला घेऊन माहेरी जाऊन बसायच्या. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत, असा ध्वनिप्रदूषण नियमांत स्पष्ट उल्लेख आहे. आम्ही सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर हातोडाही उचलू दिला नाही. ठेकेदार कुरकुरला.

रोजचं काम आणि कुरडयांची गोष्ट

बांधकाम जोरात असतं ते उन्हाळ्यात, आणि वाळवणंही तेव्हाच. एप्रिलमध्ये एका दुपारी आमच्याकडे वाळू चाळायचं काम चाललं होतं. वारा सुटला. काकूंच्या गच्चीवर साडीवर घातलेल्या कुरडया होत्या. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं, बशीत दोन तळलेल्या कुरडया ठेवल्या आणि म्हणाल्या, "खा."

पहिल्या घासाला दातांखाली कचकच.

"तीन किलो गव्हाचा चीक होता," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी पाच किलो खपली गहू नेऊन दिले, आणि चाळण सांदीकडून हलवून पुढच्या पत्र्याच्या आडोशाला नेली. मार्च ते मे या काळात चाळणं, फरशी कापणं, भिंती घासणं यांच्या आदल्या दिवशी "उद्या गच्चीवर काही घालू नका" असा निरोप द्या. पाडकामापासून शेवटपर्यंत त्यांच्या बाजूला हिरवी जाळी बांधलेली असू द्या. कटर पाणी सोडून चालवायला लावा, धूळ निम्म्याहून कमी होते.

कामगारांसाठी संडासाची सोय पहिल्या दिवशी करा, सिमेंटची पहिली गोणी उतरण्याआधी. ती नसली की मागच्या बोळाचा वापर सुरू होतो आणि तक्रार करताना शेजारच्या बायकांना संकोच वाटतो, म्हणून ती मनात साठत जाते. प्यायच्या पाण्याचा जार जागेवर ठेवा, नाहीतर दर तासाला कुणीतरी शेजारचं दार वाजवतं. वॉचमनचं कुटुंब जागेवर राहणार असेल तर त्यांना शेजाऱ्यांकडे घेऊन जा, नावाने ओळख करून द्या. गल्लीत सायकल हरवली की पहिला संशय त्यांच्यावर जातो. ओळख असेल तर निदान कुणी थेट अंगावर धावून जात नाही.

खडी-वाळूचा ट्रक शाळेच्या वेळेत मागवू नका. उतरवलेला माल त्याच दिवशी हद्दीत ओढून घ्या. दुचाकी जाईल एवढी वाट सतत मोकळी हवी.

स्लॅबचा दिवस

स्लॅब मध्येच थांबवता येत नाही, जोड कच्चा राहतो. मिक्सर, लिफ्ट, व्हायब्रेटर, तीस-चाळीस माणसं आणि अडलेला रस्ता, हे सगळं एकाच दिवशी येतं. दोन दिवस आधी सांगा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा आठवण करा, म्हणजे ते गाडी आधीच बाहेर काढून ठेवतात. सकाळी सातला सुरुवात करा. उशिरा सुरू झालेला स्लॅब रात्रीपर्यंत रेंगाळतो.

सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्यांचा, एकही टेकू त्यांच्या कठड्यावर किंवा गच्चीवर विचारल्याशिवाय जाता कामा नये. कामगार सहज ठेवून देतात, त्यात त्यांना वावगं वाटत नाही; तुम्ही आदल्या दिवशी वर जाऊन बघा. सिमेंटचं पाणी फळ्यांच्या फटीतून गळतंच. त्यांच्या भिंतीवर प्लास्टिक सोडा, तरी डाग पडलेच तर ओले असताना धुऊन काढा. एकदा घट्ट झाले की छिन्नीशिवाय निघत नाहीत आणि छिन्नीने रंगही निघतो. कामगारांना जेवण घालायची पद्धत आहेच, त्यात शेजारची चार पानं वाढवा.

पुढे क्युरिंग. स्लॅबवर वाफे करून निदान सात दिवस पाणी ठेवतात, बरेच जण दहा-चौदा दिवस. उतारावर घर असेल तर जादा पाणी खालच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर जातं. आडवा बांध घालून ते आपल्या गटाराकडे वळवा. हौद, पिंपं, लिफ्टचा खड्डा यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्यापर्यंत मजल मारतो. आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून कोरडं करा; मोठा हौद रिकामा करणं जमत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा. गल्लीत एकाला जरी डेंग्यू झाला तरी बोट तुमच्या स्लॅबकडेच जाणार.

खिडक्या, पागोळी, कॅमेरा

मंजूर नकाशाबाहेर एक वीट वाढवू नका. गॅलरी फूटभर बाहेर काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती काढलीत की शेजाऱ्याच्या हातात कायमचं हत्यार दिलंत. 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 53 ची, म्हणजे विनापरवाना बांधकामाची, नोटीस येते ती बहुधा शेजाऱ्याच्या अर्जावरूनच. सामासिक अंतर, म्हणजे घर आणि हद्द यांमधली मोकळी जागा, किती सोडायचं हे 2020 च्या राज्याच्या एकात्मिक नियमावलीत आहे, तुमच्या प्लॉटला काय लागू होतं ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

समोरासमोर खिडक्या आल्या तर तुमच्या खिडकीचा उंबरा वर घ्या किंवा दुधी काच लावा. छताचं पाणी पाइपने आपल्याच अंगणात उतरवा. पागोळीवरून झालेले जुने खटले प्रत्येक पेठेत ऐकायला मिळतील. एसीचं बाहेरचं युनिट त्यांच्या स्वयंपाकघराकडे गरम वारा सोडत नाही ना, आणि सीसीटीव्ही त्यांच्या दारावर रोखलेला नाही ना, हेही पाहा.

बाहेरून गिलावा आणि रंग करायला परांची त्यांच्या जागेत बांधावी लागते. ही परवानगी शेवटी मागायची असते, म्हणजे तोवरचे तुमचे सगळे हिशेब त्या एका "हो" किंवा "नाही" मध्ये निघतात. सांदीकडच्या भिंतीला गिलावाच नाही अशी घरं आमच्या गल्लीत दोन आहेत. का ते सगळ्यांना माहीत आहे.

तरीही बिनसलंच तर

कामगारांसमोर वाद घालू नका. त्याच संध्याकाळी घरी जा, नुकसान स्वतः बघा आणि दुसऱ्या दिवशी आपला गवंडी पाठवा. "शेवटी एकदमच करून देऊ" हे वाक्य कुणालाही पटत नाही. रकमेवर जुळत नसेल तर दोघांना चालेल असा तिसरा इंजिनिअर बोलवा, त्याची फी तुम्ही द्या. काय ठरलं ते मेसेजवर लिहून ठेवा. मंजुरी आणि नकाशा यांची एक फाईल कायम जागेवर असू द्या.

काही माणसं कशानेच राजी होत नाहीत, हेही खरं. त्यांच्याशी नीट बोला, नियमात राहा आणि तोंड बंद ठेवायला रोख पैसे देऊ नका. एकदा दिले की प्रत्येक स्लॅबला मागणी येते. कोर्टाचा स्टे आला तर निकालापर्यंत सळया गंजतात, म्हणून मिटण्यासारखं असेल तोवर चहाच्या कपावर मिटवा.

वास्तुशांतीच्या आधी आठवडाभर एक गवंडी आणि दोन बिगारी फक्त शेजारपाजारच्या कामासाठी ठेवा. गटार उपसणं, त्यांच्या भिंतीवरचे डाग, ट्रकने फोडलेली फरशी, जाळीसाठी ठोकलेल्या खिळ्यांची भोकं. आम्ही मुरुमाचा शेवटचा ढीग उचलला तेव्हा काकूंच्या तुळशीवृंदावनाचा कोपरा उडालेला दिसला. कधी उडाला कुणालाच आठवेना. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "पाडकामातच गेला तो. तेव्हा तुझ्याशी बोलत नव्हते ना, म्हणून सांगितलं नाही." गवंड्याने अर्ध्या तासात कोपरा बसवला आणि संध्याकाळपर्यंत त्यावर ओलं पोतं टाकून ठेवलं.